चेहऱ्याची ओळख झालेले चष्मे

दृष्टिदोषावरचा साधा उपाय म्हणून नाकावर आलेला चष्मा काही व्यक्तींच्या बाबतीत त्यांच्या नावाइतकाच परिचित झाला. गांधीजींच्या गोल काचांपासून जॉन लेननच्या तारेच्या फ्रेमपर्यंत, अशाच काही प्रसिद्ध चष्म्यांचा हा परिचय.

'चष्मा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'चश्म' म्हणजे डोळा. संस्कृतप्रचुर मराठीत त्याला 'उपनेत्र' असेही म्हटले जाते. शाळेत नंबर लागलेल्या मुलाला 'ढापण्या' म्हणून चिडवण्याची रीत जुनी आहे. चेहऱ्याचे व्यंग समजल्या गेलेल्या या वस्तूनेच जगातील कित्येकांना त्यांची कायमची ओळख मिळवून दिली.

महात्मा गांधी
बारीक तारेची फ्रेम आणि गोल काचा असलेला चष्मा गांधीजींच्या काळात सर्रास वापरला जात असे. त्यात वेगळेपणा काहीच नव्हता. मात्र, आज दोन वर्तुळे आणि त्यांना जोडणारी रेष एवढ्यावरून गांधीजी ओळखता येतात. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात याच गुणाचा उपयोग करण्यात आला. एका काचेत 'स्वच्छ' आणि दुसरीत 'भारत' अशी अक्षरे असलेले हे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी तयार केले. २०१६ नंतरच्या नव्या चलनी नोटांच्या मागील बाजूसही ते छापलेले दिसते.

या चष्म्याला बाजारमूल्यही आले. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, वाडगा आणि ताटली अशा वस्तूंसाठी उद्योगपती विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलर मोजले. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गांधीजींचा म्हणून विक्रीस आलेला आणखी एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. तो लिलावगृहाच्या टपालपेटीत साध्या पाकिटातून आला होता आणि त्याला १५ हजार पौंड मिळावेत, असा अंदाज होता. याच्या उलट अनुभव आपल्याकडचा. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. परदेशातील लिलावांवर हळहळणाऱ्यांनी घरच्या ठेव्याकडे किती लक्ष दिले, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

हॅरॉल्ड लॉईड
मूकपटांच्या काळातील या अमेरिकन विनोदी नटाने १९१७ मध्ये जाड कडांचा गोल चष्मा प्रथम पडद्यावर आणला. त्यात काचा नव्हत्या. विदूषकी मिशा आणि ढगळ कपडे टाळून शेजारच्या साध्या तरुणासारखे दिसावे, यासाठी ती युक्ती होती. 'सेफ्टी लास्ट' (१९२३) या चित्रपटात उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळतानाही हा चष्मा त्याच्या नाकावर आहे. जपानमध्ये तर अशा चष्म्याला लॉईडच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

जनरल मॅकआर्थर
'एव्हिएटर' या नावाने ओळखला जाणारा गॉगल मुळात वैमानिकांसाठी तयार झाला. उंचावरील प्रखर उन्हापासून डोळ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून १९३०च्या दशकात बॉश अँड लोम्ब या अमेरिकन कंपनीने तो घडवला. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या थेंबाच्या आकाराच्या काचांमुळे समोरच्या उपकरणांकडे खाली पाहतानाही डोळे झाकलेले राहत. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधील लेटे बेटावर पाण्यातून चालत उतरणाऱ्या जनरल डग्लस मॅकआर्थर यांचे छायाचित्र जगभर गेले आणि गडद काचांचा चष्मा लष्करी रुबाबाशी जोडला गेला. पुढे १९८६ च्या 'टॉप गन' चित्रपटात टॉम क्रूझने एव्हिएटर वापरला आणि तरुणांमध्ये त्याची मागणी पुन्हा वाढली.

बडी हॉली आणि जॉन लेनन
गायकाने मंचावर चष्मा लावू नये, असा संकेत असताना अमेरिकेच्या बडी हॉलीने जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून गाणी गायिली. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. अपघातस्थळी सापडलेला त्याचा चष्मा सरकारी दप्तरात पडून राहिला आणि १९८० मध्ये उजेडात आला. आता तो त्याच्या लबक या गावातील संग्रहालयात आहे.

बीटल्सचा जॉन लेनन लघुदृष्टीचा होता; पण सुरुवातीच्या काळात तो मंचावर चष्मा टाळत असे. 'हाउ आय वन द वॉर' (१९६७) या चित्रपटातील सैनिकाच्या भूमिकेसाठी त्याने गोल तारेचा चष्मा लावला आणि पुढे तोच कायम ठेवला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून मिळणाऱ्या स्वस्त चष्म्यांच्या धाटणीचा तो होता. ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. पत्नी योको ओनो यांनी १९८१ मधील आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचा रक्ताने माखलेला चष्मा छापला. बंदुकीच्या हिंसेवर इतके बोलके भाष्य क्वचितच झाले असेल.

भारतीय चेहरे
तमिळनाडूच्या राजकारणात काळा चष्मा दोन प्रतिस्पर्ध्यांची खूण ठरला. एम. जी. रामचंद्रन यांचा चष्मा पांढऱ्या टोपीसह ओळखीचा झाला. तर मोटार अपघातात डोळ्याला इजा झालेल्या एम. करुणानिधी यांनी तो अनेक दशके वापरला आणि २०१७ मध्ये, उतारवयात, बदलला.

महाराष्ट्रात गावोगावी उभ्या असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांत सूट आणि हातातील राज्यघटनेबरोबर चष्माही असतो. अहोरात्र वाचन करणाऱ्या विद्वानाची ती खूण आहे. पु. ल. देशपांडे यांचे रेखाचित्र काढताना जाड फ्रेम आधी आठवते. आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'ला तर गोल चष्म्याशिवाय ओळखताच येणार नाही. तोंडाने काहीही न बोलणाऱ्या या सामान्य माणसाचे काम केवळ पाहण्याचे होते. पुण्यात सिम्बायोसिस संस्थेच्या आवारात २००१ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.

लॉईडचा अपवाद वगळता यांतील बहुतेकांनी चष्मा लावला तो गरज म्हणून. कोणाला नंबर होता, कोणाला ऊन सहन होत नव्हते, तर कोणाला इजा झाली होती. त्याची शैली नंतर झाली आणि ती चाहत्यांनी केली. आज दुकानात 'गांधी फ्रेम' किंवा 'लेनन फ्रेम' मागणे सोपे आहे. पण त्या फ्रेमला ओळख मिळाली ती काचेमागच्या माणसाच्या कामामुळे. 'ढापण्या' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शाळकरी मुलांना हे आवर्जून सांगायला हवे.