घोडपदेवचा भोंगा ते मोबाइलचा इशारा

एकच निरोप, एकाच वेळी, फिरतीवर असलेल्या असंख्य माणसांना देण्याचे घोडपदेवमधले जुने साधन म्हणजे गिरणीचा भोंगा. ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ हा सारा पट्टा धुरांड्यांनी भरला. पश्चिमेला गिरण्या आणि पूर्वेला गोदी यांच्यामधल्या घोडपदेवमध्ये कामगारांची दाट वस्ती झाली.

पाळ्यांच्या काळात भोंगा फक्त कामावर बोलावत नसे. गाळ्यातली माणसे आळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीवाल्याची वळकटी त्याच जागी पसरे. खानावळीतली पंगतही भोंग्यावरच बसे. गिरणीगिरणीच्या भोंग्याचा सूर निराळा, म्हणून ज्याची त्याला हाक कळे. ऐकणारा खोलीत आहे की नाक्यावर, हे गिरणीला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. भोंग्याचे खरे सामर्थ्य हेच होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि नंतरच्या वर्षांत गिरण्यांबरोबर भोंगेही थांबत गेले.

मुंबईत १९९५ मध्ये मोबाइल आला. त्याच सुमारास आलेल्या पेजरची रीत भोंग्याचीच होती: शहरभरच्या मनोऱ्यांवरून निरोप सुटे आणि ज्याचा त्याचा पेजर तो टिपून घेई. मोबाइलच्या जाळ्याला मात्र धारकाचा ठावठिकाणा सतत माहीत असावा लागतो. रे रोड स्थानकाहून लोकल सुटली की खिशातला फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. हजारो प्रवासी एकच सामना पाहत असले, तरी एरवी प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते.

अशा वेगवेगळ्या प्रती टाळण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्येच इंटरनेटसाठी मल्टिकास्टचे, म्हणजे एकच निरोप साऱ्या गटाला पाठवण्याचे, नियम मांडले होते. त्यात गटाला एक पत्ता असतो, सभासद जवळच्या राउटरकडे नाव नोंदवतात आणि वाट जिथे फुटते तिथेच प्रत वाढते. पण सभासद हलला की ही वाट नव्याने बांधावी लागते. १९९६ च्या मोबाइल आयपीने एक तोड दिली: टपाल मूळ पत्त्यावर यावे आणि तिथून पुढे पाठवले जावे, जसे मुंबईतल्या चाकरमान्याचे पत्र गावाहून येई. गटासाठी ही सोय तोकडी पडते, कारण शंभर गावांहून तेच परिपत्रक शंभर वेळा एकाच चाळीत येऊन पडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत फोन नव्या हद्दीत शिरताच तिथली यंत्रणाच त्याला त्याचे गट विचारते आणि त्याच्या वतीने नाव नोंदवते.

चौथ्या पिढीच्या जाळ्यांत आणखी एक सोय आली: शेजारचे टॉवर तोच कार्यक्रम एकाच वेळी, एकाच लहरीवर सोडतात, त्यामुळे टॉवर बदलल्याचे फोनला जाणवतही नाही. सेल ब्रॉडकास्ट तर नावनोंदणीही मागत नाही. टॉवरच्या टप्प्यात जो फोन असेल त्याला संदेश मिळतो, मग तो कोणाचाही असो. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य फोनवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी एकदमच वाजली, ती याच पद्धतीने.