पुण्याचे लांडगे व जुन्नरचे बिबटे

इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें कसबें पुणें जाळून तेथें गाढवांचा नांगर फिरविला व पहार ठोकली, ही हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. पुढें शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहतांना दादोजी कोंडदेवांनीं तो उजाड मुलूख पुन्हां वसविला, हेंही सर्वश्रुत आहे. दादोजींच्या इतर अधिकारांविषयीं जो वाद माजला आहे, त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस त्या वसाहतीच्या हकीकतींतील एका लहानशा कलमाकडे लक्ष वेधावयाचें आहे. मावळांत लांडग्यांचा उपद्रव फार झाला होता. दादोजींनीं डोंगरी लोकांस बक्षिसें देऊन ते मारविले, अशी नोंद बखरींच्या परंपरेंत आहे. सर जदुनाथ सरकारांनीं आपल्या शिवचरित्रांत (प्रथमावृत्ति इ. स. १९१९) ती घेतली आहे. बहुतेक वाचक मात्र सोन्याच्या नांगरापाशीं थबकतात आणि लांडग्यांस ओलांडून पुढें जातात.

बखरी मागाहून लिहिल्या गेल्या. त्यांच्या एकट्याच्या भरंवशावर कोणतेंही विधान करूं नये, हा नियम आम्हीही मानतों. तथापि हें कलम आम्हांस खरें वाटतें, व त्याचें कारण त्यांतील जनावरांतच आहे. नायकाचा गौरव करूं पाहणाऱ्या लेखकाच्या लेखणींतून सहज वाघ उतरला असता. येथें लांडगा उतरला आहे. लांडगा हें कांहीं दाट रानांतलें श्वापद नव्हे. तें उघड्या माळांचें, मुरमाड जमिनीचें, मेंढरांच्या कळपामागें फिरणारें जनावर आहे. इ. स. १६३० ते १६३२ च्या महादुष्काळानें दख्खनचीं खेडींच्या खेडीं ओस पडलीं. त्यांत पुण्यावर हा घाला आला. नांगर थांबला म्हणजे शेताचें दोन-चार पावसाळ्यांत गवताळ पडीक होतें. राखणदार नाहीं, कुत्रीं नाहींत, आणि उरल्यासुरल्या शेरडांस कुंपण नाहीं. लांडग्यानें यावें तें अशाच जागीं. मावळ डोंगराळ खरा, पण पुणें व सुपें या परगण्यांचा पूर्वेकडील भाग माळांचाच आहे. बखरकारास प्राणिशास्त्र अवगत नव्हतें. तरीही जमिनीच्या स्थितीशीं तंतोतंत जुळणारें जनावर त्यानें लिहिलें, हें ऐकीव माहिती खरी असल्यावांचून घडत नाहीं.

माणसानें रान तोडलें म्हणून श्वापद गांवांत येतें, असा एक समज रूढ झाला आहे. पुण्याची हकीकत याच्या अगदीं उलट आहे. तेथें माणूस मागें हटला आणि श्वापद पुढें आलें. म्हणून बक्षिसांपेक्षां कौलाचें महत्त्व आम्ही अधिक समजतों. पडीक जमिनीवर आरंभीं हलका व वर्षावर्षास चढत जाणारा सारा, म्हणजे ज्यास जुन्या कागदांत इस्तावा म्हणतात तो, कुणब्यास परत आणणारा होता. आणि कुणबी परतला म्हणजे माळाचें पुन्हां शेत होतें. लांडगा त्या मुलखांतून समूळ मात्र गेला नाहीं. पुणें व सोलापूर जिल्ह्यांच्या माळांवर तो आजही आहे. फरक इतकाच, कीं तेव्हां त्यास मारणारास बक्षीस होतें, तर इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारणें गुन्हा ठरला आहे. (याच पुण्यांत पुढें सवाई माधवरावांनीं श्वापदें हौसेनें पाळून शिकारखाना ठेवला, त्यांतील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट यानें इ. स. १७९० मध्यें काढलें. तो विषय निराळा.)

आतां जुन्नरकडे वळूं. शिवनेरीच्या पायथ्याच्या या तालुक्यांत आज घराच्या परसांत, गोठ्यांत, प्रसंगीं विहिरींतही बिबट्या आढळतो. येथें गांव ओस पडलेलें नाहीं. शेती वाढली आहे. माणिकडोह, येडगांव, वडज इत्यादि कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं पाणी आणलें, पाण्यामागून ऊस आला, आणि वर्षभर उभा राहणारा ऊस बिबट्यास रानासारखाच आडोसा झाला. भक्ष्यास वस्तीचीं कुत्रीं आहेतच. ऊसतोडीच्या वेळीं फडांत पिल्लें सांपडतात. तीं तेथेंच जन्मलेलीं असतात. त्यांस 'रानांतून चुकून आलेलीं' म्हणणें म्हणजे मिरासदारास उपरी ठरविण्यासारखें आहे.

ही चूक महागांत पडली. इ. स. २००१ पासून जुन्नर भागांतील बिबटे मोठ्या संख्येनें पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा क्रम सुरू झाला. विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणें, त्यापूर्वीं माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होत असत, ते त्यानंतर सरासरी १७ झाले. इ. स. २००९ मध्यें पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथील विहिरींतून काढलेला एक नर माळशेज घाटांत सोडला असतां, गळ्यांतील पट्ट्याच्या खुणेनें तो सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांत पोंचल्याचें कळलें. ज्या माणिकडोहाच्या धरणानें उसास पाणी दिलें, त्याच्याच कांठीं आज पकडलेल्या बिबट्यांचें निवारा केंद्र आहे.

जुन्या लोकांनीं या प्रश्नाचा निराळा निकाल लावला होता. अकोल्याकडील महादेव कोळी आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळून वाघोबास नैवेद्य दाखवितात. ठाणें व पालघरकडे वारल्यांचा वाघदेव आहे. वाघोबाच्या कित्येक शिळांवर व लांकडी फळ्यांवर जनावराच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. दानशासनांवर व गधेगळांवर चंद्र-सूर्य कां असतात हें वाचकांस सांगणें नलगे: दान त्यांच्या अस्तित्वापर्यंत चालावें म्हणून. वाघोबाच्या माथ्यावरील चिन्ह त्याच अर्थाचें असावें, म्हणजे ती शिळा देवाची मूर्ति असून शिवाय गांव व श्वापद यांच्यामधील कराराचा कागदही असावा, असा आमचा तर्क आहे. तर्काहून अधिक कांहीं आम्ही त्यास म्हणत नाहीं. अशा शिळांची गांववार यादी झाल्यास त्याचा निर्णय होईल.

कागदांविषयीं एक विनंती आहे. रुमाल सोडतांना आपण वतनें, इनामें व राजकारण शोधतों. गांवच्या जमाखर्चांतील किरकोळ रकमा, जनावरें मारलीं गेल्याबद्दलच्या अर्ज्या, रखवालीच्या नेमणुका या निरुपयोगी म्हणून बाजूस पडतात. ज्यांच्या संग्रहीं पुणें, सुपें, जुन्नर व चाकण या परगण्यांचे असे फुटकळ कागद असतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांची नक्कल तारीख व गांवाच्या नांवासह मंडळाकडे पाठवावी. मोडी वाचतां येत नसल्यास मूळ कागद पाठविला तरी चालेल. तो वाचून परत करण्यांत येईल.