कोटा येथील मत्स्यशिलांचा कालनिर्णय

शक नसलेला कागद हातीं आला म्हणजे संशोधक अक्षराचें वळण पाहतो, शिक्का व कागदाची जात पाहतो, आणि तो कोणत्या रुमालांत होता हें विचारतो. चांदा प्रांतांतील, म्हणजे सन १९८२ मध्यें विभागलेल्या आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, शिलांविषयीं भूगर्भशास्त्रज्ञांचा उद्योग याच जातीचा आहे.

प्राणहितेच्या डाव्या तीरावर, सिरोंच्याच्या उत्तरेस, कोटा हें गांव आहे. तेथील चुनखडीच्या पातळ थरांत खवल्यांसुद्धां माशांचे ठसे मिळतात. त्यांतील एकास सर फिलिप एगर्टन यांनीं १८५१ सालीं लेपिडोटस डेक्कनेन्सिस हें नांव दिलें. १८४५ पासून नागपुरास असलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनींही येथील नमुने मिळविले. त्यांची चिकाटी वाखाणण्याजोगी होती. लेपिडोटस जातीचे मासे युरोपांत जुरासिक काळाच्या थरांत सांपडतात. तेव्हां कोट्याची चुनखडीही त्याच काळची, असें अनुमान निघालें. मोडीच्या वळणावरून कागद शिवशाहीचा कीं पेशवाईचा हें ठरवावें, तशी ही रीत. पौर्वापर्य कळतें, वर्ष कळत नाहीं.

नदीपलीकडे, आजच्या तेलंगणांत, मालेरी गांव आहे. तेथील तांबड्या मातींत हायपेरोडापेडॉन या सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष हक्स्ले यांनीं १८६९ सालीं ओळखले. या जातीचा प्राणी स्कॉटलंडांत ट्रायासिक थरांत मिळालेला होता. कोटा व मालेरी एकाच गटांत मोजल्यानें मासे एक काळ सांगत व हे प्राणी दुसरा. दोन पोथ्यांचीं पानें एका रुमालांत बांधलीं गेल्यावर जें होतें तेंच हें. थरांचा क्रम नीट लावल्यावर मालेरी खालीं व कोटा वर, असा उलगडा झाला. त्याहूनही खालचा थर चांद्याजवळ इरई येथें दिसतो. तेथें चुनखडीच्या फरशीवर बर्फाबरोबर ओढल्या गेलेल्या दगडांचे ओरखडे फेडन यांस आढळले व १८७५ सालीं तें प्रसिद्ध झालें. चांद्याचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस ही साक्ष पटणें कठीण.

वर्षांचा आंकडा निराळ्या मार्गानें मिळतो. युरेनियम ठराविक वेगानें झिजून त्याचें शिसें होतें. ४४७ कोटि वर्षांत त्याच्या मुख्य प्रकाराचा अर्धा भाग सरतो. पोटॅशियमचा एक प्रकार १२५ कोटि वर्षांत निम्मा उरतो व त्यांतील कांहीं भागाचा आर्गॉन वायु होतो. वितळलेला रस थिजला कीं हा वायु स्फटिकांत कोंडून राहूं लागतो. घटिकापात्र तेथून चालूं होतें. उरलेलें मूळ द्रव्य व सांठलेलें नवें द्रव्य मोजलें कीं वय निघतें. दक्षिणेंतील ज्या काळ्या लाव्ह्याचे थर वरोऱ्याकडे पोंचले आहेत, त्याचें वय येणेंप्रमाणें सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें ठरतें.

कोट्यास असा लाव्हा उपलब्ध नाहीं. तेथील चुनखडी पाण्यांत सांचलेली, व तींतील वाळूचे कण जुन्या खडकांतून आलेले. त्या कणांचें वय नकलेंत उतरलेल्या जुन्या मितीप्रमाणें समजावें: नक्कल तिच्यापूर्वींची नव्हे, इतकेंच सिद्ध होतें. म्हणून वाद राहिला आहे. मासे पूर्व जुरासिक काळाकडे, म्हणजे अठरा-एकोणीस कोटि वर्षांकडे, बोट दाखवितात. सूक्ष्म कवचधारी जीवांवरून कांहीं विद्वान् ही चुनखडी त्याहून अलीकडची धरतात. आम्हांस माशांची साक्ष अधिक ग्राह्य वाटते, तथापि एकट्या साक्षीवर निवाडा होत नसतो.

हा वाद केवळ आंकड्यांचा नाहीं. १९६१ च्या सुमारास कोटा थरांतूनच कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें किमान सहा डायनोसॉरांचीं मिसळलेलीं हाडें काढलीं. १९७५ सालीं त्यांस बारापासॉरस टागोराय हें नांव मिळालें. कोटा पूर्व जुरासिक असेल तर हा जगांतील अत्यंत प्राचीन महाकाय सरटांपैकीं होय. नसेल तर तो मान राहत नाहीं. सर्व भिस्त थरावर. सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें जीवाश्मांसाठीं उद्यान राखलें आहे, तरी नाल्यांतील सुटा तुकडा उचलण्याचा मोह संग्राहकांस सर्वत्र असतो. कपाटांतील मासा कोणत्या पापुद्र्यांतून निघाला हें टिपलेलें नसेल तर तो रुमालावेगळा कागद झाला. गांव, नाला व वरखालचे थर इतकें टांचण तरी त्यासोबत असावें. बारापासॉरसची कवटी अद्याप सांपडलेली नाहीं. ती निघाली तर तिचाही शक अशाच टांचणावरून लागेल.