राग-जॅझ ध्वनिमुद्रिका

राग-जॅझ ध्वनिमुद्रिका : रागाची सुरावट कायम ठेवून तिच्याभोवती जॅझची लय, वाद्यमेळ व स्वरमेळ यांची मांडणी करणाऱ्या संगीतास स्थूलमानाने राग-जॅझ असे म्हणतात. या संगीताची मैफली परंपरा अशी फारशी निर्माण झाली नाही. ते प्रामुख्याने तबकड्यांवर वाढले. त्यामुळे त्याचा इतिहास हा बव्हंशी ध्वनिमुद्रिकांचा इतिहास होय. भारतात या प्रकाराचे केंद्र मुंबई हे राहिले आणि त्यातील सर्वांत अवघड कामगिरी पियानो, इलेक्ट्रिक पियानो, संश्लेषक (सिंथेसायझर) यांसारख्या पट्टीवाद्यांच्या वादकांकडे आली.

ही कामगिरी अवघड का, हे समजण्यासाठी पट्टीवाद्याची स्वररचना लक्षात घेतली पाहिजे. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. सप्तकाचे १,२०० सेंट मानल्यास प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपासून बरोबर १०० सेंट अंतरावर येते. तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक शुद्ध गंधार षड्जापासून सु. ३८६ सेंटवर असतो, तर पियानोचा गंधार ४०० सेंटवर, म्हणजे चौदा सेंट चढा लागतो. शिवाय पट्टी दाबल्यावर स्वर जेथे लागला तेथेच राहतो. मींड, आंदोलन किंवा दरबारीतील झुलता कोमल गंधार पट्टीवर काढता येत नाही. आपल्याकडे याच कारणांवरून संवादिनीविषयी प्रदीर्घ वाद झाला. आकाशवाणीने १९४० मध्ये संवादिनीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत उठली नाही आणि तेव्हाही ती अंशतःच उठली. पेटीचे हे हाल, तर पियानोवर राग वाजवू पाहणाऱ्याची काय कथा!

दुसरी अडचण स्वरमेळाची. जॅझमधील पियानोवादक डाव्या हाताने एकामागून एक स्वरगुच्छ बदलत जातो व त्या बदलांवर उजव्या हाताची उपज उभी राहते. रागात आधारस्वर अचल असतो. गुच्छ बदलला की षड्ज सरकल्याचा भास होतो व राग मोडतो. ही कोंडी फोडण्यास अमेरिकेतीलच एक घडामोड उपयोगी पडली. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या काइंड ऑफ ब्लू (१९५९) या ध्वनिमुद्रिकेत बिल एव्हान्स या पियानोवादकाच्या साहाय्याने एकच स्वरपंक्ती दीर्घकाळ धरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. गुच्छांची संख्या अगदी कमी झाल्याने जॅझ नकळत आपल्या थाटांच्या जवळ आला. जॉन कोल्ट्रेन यांची ‘इंडिया’ ही १९६१ मधील रचना याच वाटेवरची आहे.

मुंबईत जॅझ पोहोचला तो मात्र फार आधी आणि नृत्यसंगीताच्या रूपाने. ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात १९३५ पासून लीऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ इ. आफ्रिकी-अमेरिकन वादकांची पथके वाजवू लागली. त्यांच्याच मागोमाग टेडी वेदरफर्ड (१९०३–४५) हा पियानोवादक येथे आला. शिकागोत लुई आर्मस्ट्राँग यांच्या जोडीने वाजविलेला हा कलावंत शांघायमार्गे मुंबईस आला, नंतर कलकत्त्यास स्थायिक झाला व तेथेच पटकीने मरण पावला. कलकत्त्यात त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या भारतातील जॅझ-पियानोच्या आरंभीच्या महत्त्वाच्या खुणा होत. त्यांत राग नाही. परंतु त्याच्या व इतर पाहुण्या वादकांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चमधील शाळांत स्वरलिपी शिकलेल्या या वादकांस जॅझ कानाने उचलावा लागला. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव ॲन्टोनिओ झेवियर व्हाझ, १९१६–६७) हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध.

मुंबई दारूबंदी अधिनियमाने (१९४९) हॉटेलांतील नृत्यपथकांचे उत्पन्न आटले व हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर तथा सी. रामचंद्र यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटातील संगीत हे या स्थलांतराचे पहिले ठळक फळ म्हणता येईल. पुढे प्रत्येक मोठ्या संगीतकाराकडे गोमंतकीय संयोजक आला. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टिअन डिसूझा होते. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारित वृंदरचना सादर केल्या. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे यांनी गायन केले. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर मात्र या वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. हजारो गीतांतून ज्यांचा पियानो आपण ऐकला, त्यांतील बहुतेकांची ओळख रसिकांस कधी झालीच नाही, ही या क्षेत्रातील मोठीच हानी मानली पाहिजे.

बाहेरून येणाऱ्यांचा ओघही चालू होता. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर भारतात आले असता त्यांनी मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादन केले. त्याच वर्षीच्या जॅझ इंप्रेशन्स ऑफ यूरेशिया या ध्वनिमुद्रिकेत ‘कॅलकटा ब्ल्यूज’ ही रचना आहे. ड्यूक एलिंग्टन यांच्या १९६३ च्या दौऱ्यातून पुढे द फार ईस्ट स्वीट (१९६७) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. तीत आग्रा व दिल्ली यांवर रचना असल्या, तरी राग असा नाही. ती प्रवाशाची चित्रे आहेत. याहून खोल प्रयोग यूरोपात झाले आणि त्यांत मुंबईचे तबलावादक केशव साठे यांचा वाटा मोठा आहे. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर व जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांच्या इंडो-जॅझ स्वीट (१९६६) मध्ये, तसेच स्विस पियानोवादिका इरेन श्वायझर यांच्या त्रयीसह जर्मनीत मुद्रित झालेल्या जॅझ मीट्स इंडिया (१९६७) मध्ये त्यांनी तबल्याची साथ केली. लंडनमध्ये स्थिरावलेल्या या मराठी वादकाचे नाव महाराष्ट्रात फारसे कुणास ठाऊक नाही.

मुंबईतील पहिली संपूर्ण राग-जॅझ ध्वनिमुद्रिका म्हणून शंकर-जयकिशन यांच्या राग जॅझ स्टाइल (एच्. एम्. व्ही., १९६८) या दीर्घ तबकडीचा निर्देश करावा लागतो. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी व भैरवी अशा अकरा रागांतील रचना तीत आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाचेको, गिटारवर ॲनिबल कास्ट्रो व दिलीप नाईक, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत ही त्यातील प्रमुख मंडळी. एरव्ही पडद्याआड राहणारे वादक येथे स्वतःच्या नावाने पुढे आले, हे या तबकडीचे एक वैशिष्ट्य होय.

रचना अगदी लहान आहेत. एका तबकडीच्या दोन बाजूंत अकरा राग बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी चार मिनिटांच्या आसपासच वेळ येणार. साहजिकच आलापास वाव नाही. सतार रागाचे मुखडे मांडते, फुंकवाद्ये ते उचलतात, मध्ये एकेकाची लहानशी उपज होते व मुखड्यावर परत येऊन रचना संपते. हा आकृतिबंध जॅझचाच. मौज अशी की, सर्व राग या मांडणीस सारखे मानवत नाहीत. कलावतीचे षड्ज, गंधार, पंचम व कोमल निषाद एकत्र वाजविले, की ब्ल्यूज या संगीतप्रकाराचा पायाभूत सप्तम-गुच्छच तयार होतो, आणि धैवत त्यात रंग भरतो. रागाबाहेर न जाता पियानोला येथे भरपूर काम मिळते. शिवरंजनीतील कोमल गंधारयुक्त षड्ज-पंचम व वरचा धैवत हेही पाश्चात्त्य कानास ओळखीचे. उलट तोडीत कोमल ऋषभ व तीव्र मध्यम यांमुळे कोणताही रूढ गुच्छ नीट बसत नाही. तेथे पियानोने मागे राहणे हेच शहाणपणाचे, आणि सतारीच्या मींडेलाच रागाचा भार वाहावा लागतो. शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांस ही तबकडी वरवरची वाटेल. पण चित्रपटसंगीताच्या कारखान्यात राबणाऱ्यांनी केलेले इतके नेटके व निर्भर वादन दुसरीकडे क्वचितच सापडते. ध्वनिमुद्रिकेने संगीतकारद्वयास नवा पंथ मिळवून दिला नाही. संवादिनीवादनात निपुण असलेले जयकिशन १९७१ मध्ये निधन पावले व असा दुसरा प्रयोग त्यांच्याकडून झाला नाही.

यानंतरच्या काळातील प्रमुख पट्टीवाद्यवादक म्हणजे लुई बँक्स (११ फेब्रुवारी १९४१– ). त्यांचा जन्म दार्जिलिंगच्या नेपाळी संगीतकार घराण्यातला. आजोबांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीतास चाल दिली होती. ट्रंपेटवादक वडिलांनी जॉर्ज बँक्स हे नाव धारण केले व मुलाचे नाव आर्मस्ट्राँगवरून ठेवले. कलकत्त्याच्या ‘ब्लू फॉक्स’ उपाहारगृहात गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस व गायिका पॅम क्रेन यांच्यासह ते वाजवीत असत. तेथे आर्. डी. बर्मन यांनी त्यांना ऐकले व मुक्ति (१९७७) या चित्रपटातील पियानोसाठी मुंबईस बोलाविले. मग ते मुंबईकरच झाले. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाने त्यांना व्यासपीठ दिले. गोन्साल्विस व कर्नाटक गायिका आर्. ए. रमामणी यांच्या साथीत त्यांनी राग व जॅझ यांचा मेळ घातला. येथे रागाचा भार कंठाने व सॅक्सोफोनने उचलला आणि पट्टीवाद्याने त्याखाली बदलते, पण षड्जास न हलविणारे स्वरगुच्छ पुरविले. उपजीविका मात्र जाहिरातसंगीतावर चाले. दूरदर्शनवरून १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम प्रसारित झालेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या भैरवीवर आधारलेल्या गीताच्या संगीतयोजनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. भीमसेन जोशींच्या आवाजाखालील स्वरमेळ ऐकलेल्या कोट्यवधी श्रोत्यांस आपण राग व जॅझ यांच्या सीमेवरील संयोजकाचे काम ऐकतो आहोत, याची कल्पना नसावी.

दरम्यान मूळ अडचणीवर यंत्राने तोड काढली होती. १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनिमूग या संश्लेषकास स्वर वरखाली सरकविणारे चाक बसविलेले होते. उजवा हात पट्टीवर व डावा चाकावर ठेवला की मींड निघते. महाविष्णू ऑर्केस्ट्रात यान हामर यांनी हे तंत्र सर्वांस दाखवून दिले. मुंबईत कर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ही वाद्ये चित्रपटांत आणली. चित्रपटांतील दुसरे वादक चरणजित सिंग (निधन २०१५) यांनी सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट (१९८२) या तबकडीत दहा राग केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजविले. त्यांच्यापाशी रोलंड कंपनीचे ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र व टीबी-३०३ हे खर्जयंत्र होते. शेवटच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. हा जॅझ नव्हे, आणि तबकडी फारशी खपलीही नाही. परंतु शिकागोतील ‘ॲसिड हाउस’ हे नृत्यसंगीत याच खर्जयंत्रावर पुढे १९८७ च्या सुमारास उभे राहिले आणि २०१० मध्ये तबकडीचे पुनर्मुद्रण होताच पाश्चात्त्य श्रोते चकित झाले.

बँक्स यांच्या वादनाची जागतिक नोंद झाली ती २००८ मध्ये. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांची फ्लोटिंग पॉइंट ही ध्वनिमुद्रिका चेन्नईत मुद्रित झाली; तीत बँक्स पट्टीवाद्यांवर, मुंबईचे रणजित बारोट ड्रमवर आणि शंकर महादेवन व नीलाद्री कुमार पाहुणे कलावंत म्हणून होते. त्याच वर्षी बॉब बेल्डन यांनी निर्मिलेल्या माइल्स फ्रॉम इंडिया या संचात डेव्हिस यांचे जुने सहकारी व भारतीय कलावंत एकत्र आले. त्यातही बँक्स होते. काइंड ऑफ ब्लू मधील रचना तीत पुन्हा वाजविल्या गेल्या, या वेळी सतार, मृदंग व कंठसंगीतासह. दोन्ही ध्वनिमुद्रिकांना समकालीन जॅझ या एकाच विभागात ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. २००९ मध्ये पुरस्कार मात्र ट्रंपेटवादक रँडी ब्रेकर यांच्या ब्राझिली संगीतावरील ध्वनिमुद्रिकेस गेला.