गुलबर्ग्याची हुंडी, बीदरचा कोरा कागद आणि भालकीच्या तळघरातली बाटली

गेल्या महिन्यात भालकीच्या जुन्या घरी एक फ्रेंच बाटली उघडली, त्यावरून हे लिहितोय. वाईनवर लिहिणारा मी कोण? बी.कॉम., सगळा जन्म बँकेत, वडील माळकरी. पण आपल्या बीदर-गुलबर्ग्याच्या इतिहासातून मद्य काढून टाकलं तर दोन मोठी पानंच गळतील.

आधी गुलबर्गा. 1366च्या सुमाराची गोष्ट, फिरिश्त्याने लिहून ठेवलेली. पहिला मुहम्मदशहा बहमनी मैफलीत बसला होता, दिल्लीकडचे गवई अमीर खुस्रोच्या रचना गात होते. सुलतान रंगात आला आणि हुकूम सोडला, यांच्या बिदागीची हुंडी लिहा, विजयनगरच्या खजिन्यावर! आता आम्हा बँकवाल्यांना हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. खातं दुसऱ्याचं, ड्राफ्ट आपला. वजीर सैफुद्दीन घोरी शहाणा माणूस. हुंडी लिहिली पण पाठवली नाही, म्हटलं सकाळी उतरेल. सकाळी सुलतानाने आठवणीने विचारलं आणि पाठवायलाच लावली. बुक्करायाने ती आणणाऱ्याला गाढवावर बसवून गावभर फिरवलं आणि मुदगलवर चाल केली. त्या लढाईत बायकापोरंही सुटली नाहीत.

बीदरची गोष्ट मला जास्त लागते. महमूद गावान इराणातल्या गिलानहून आलेला. त्याचा 1472चा मदरसा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. त्याच्या वैऱ्यांनी काय केलं, तर शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला भरपूर पाजलं आणि घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. मग वर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. ते तिसऱ्या मुहम्मदशहासमोर ठेवलं तेव्हा तोही प्यालेलाच. शिक्का खरा, मग चौकशी कसली? एप्रिल 1481मध्ये सत्तरी उलटलेल्या वजिराचं डोकं उडवलं. खरं कळल्यावर सुलतान आणखी पीत गेला आणि वर्षभरात संपला, तिशी गाठायच्या आत.

हे वाचताना मला आमचा एक जोडीदार आठवतो. नाव आणि शाखा सांगत नाही. एका निरोपाच्या पार्टीत, जरा जास्त झालेली असताना, कुणीतरी त्याच्याकडून कोऱ्या फॉर्मवर सही घेतली. पुढे त्यावरून रक्कम गेली. चौकशीत मला साक्षीला बोलावलं. विचारलं, सही यांचीच का? मी म्हटलं, होय. खोटं नव्हतं ते. पण त्या पार्टीत मीही ग्लास घेऊन शेजारीच बसलो होतो, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरीची भीती, दुसरं काय. त्याची गेली.

आता बाटली. पुतण्या फ्रान्समध्ये असतो. त्याने बोर्डोची 2010 सालची लाल वाईन आणली होती, म्हणाला, "काका, दहा वर्षं तरी हात लावू नका. आणि आडवी ठेवा, बूच ओलं राहायला पाहिजे." तिकडे सहसा एकाच द्राक्षाची करत नाहीत, कॅबर्ने सोव्हिन्यॉं आणि मेर्लो अशी जोडी जमवतात. कॅबर्नेचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जीभ आवळणारा, मेर्लो मऊ. आपल्या लोणच्यासारखंच, मुरलं की फोडींचा करकरीतपणा जातो. तुरट अंश हळूहळू एकमेकांना धरून तळाशी बसतो. मात्र बारा-चौदा अंशांचा गारवा हवा. आमच्याकडे मे महिन्यात चाळीस! म्हणून आजोबांच्या तळघरात, जिथे पूर्वी गूळ ठेवत, तिथे पोत्यात गुंडाळून ठेवली. बायको म्हणायची, "देवघराच्या खाली ठेवू नका म्हंजे झालं."

(गंमत म्हणजे निकितीन नावाचा रशियन व्यापारी बीदरला येण्याआधी पावसाळ्यात जुन्नरला राहिला, नारळाच्या मद्याचं त्याने लिहिलंय. त्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, पुढे आपल्याकडची वाईन मोठ्या प्रमाणावर निघाली.)

बूच अर्धं तुटलं. डिकँटर कुठला, सरबताच्या काचेच्या जगमध्ये हळूहळू ओतली, तळाचा गाळ बाटलीतच राहू दिला. रंग कडेला विटकरी झालेला. पहिला वास जुन्या सागवानी पेटीचा, मग ओल्या मातीचा, मग सुकवलेल्या जांभळासारखा काहीतरी. तुरटपणा फार कमी. पुतण्या घोट तोंडात घोळवून म्हणाला, "उन्हाचा थोडा मार बसलाय काका, पण जगलीय." मला आवडली, खोटं कशाला बोलू.

एक ग्लास जास्तीचा मांडला होता. त्या जोडीदाराला फोन लावायचं आठवडाभर मनात होतं, नंबरही मिळवला होता. त्याच्या मुलाने उचलला. म्हणाला, "बाबा गेले, दोन वर्षं झाली." मी कोण, हे त्याने विचारलं. मी बँकेतला, एवढंच सांगितलं. बाकीचं आज इथे लिहिलं.