सुरतेचे जेवण आणि देहाचे घड्याळ

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ या गुजराती म्हणीत जेवणाची वेळ सांगितलेली नाही. सुरतेतील जैन कुटुंबे मात्र सूर्यास्तापूर्वी जेवीत आली. अर्थात अहिंसेसाठी, प्रकृतीसाठी नव्हे. वैद्यकातही वेळेचा विचार जुनाच. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, दही व गुळाचे पदार्थ गणले; सुश्रुतसंहितेने औषधाचे दहा काळ सांगितले, तेही बहुतेक भोजनाच्या अनुषंगाने. देहातील घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सायंकाळी साखर जिरविण्याची शक्ती मंदावते. यकृत कोलेस्टेरॉल अधिक घडविते ते रात्री, म्हणून सिमव्हास्टॅटिनची गोळी निजताना देतात. पण सुरतेचे यंत्रमाग रात्रभर चालतात. मध्यरात्री डबा उघडून सकाळी निजणाऱ्या मधुमेही विणकराची रात्र कोणती धरावी?