रंजकाची संहती आणि अनुस्फुरित प्रकाशाचे ध्रुवण

डोळ्याच्या पारपटलावर ओरखडा आहे काय, हे पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञ फ्लुओरेसिन नावाचे रंजक वापरतात. निळा प्रकाश पडताच ते हिरवे चमकू लागते. आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेऊन लगेच अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या क्रियेस अनुस्फुरण किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. या प्रकाशाचा रंग आणि तेज डोळ्यांना दिसते; त्याचे ध्रुवण मात्र उपकरणानेच ओळखावे लागते. द्रावणातील रंजकाचे प्रमाण, म्हणजेच संहती, वाढविली की हे ध्रुवण घटत जाते. रेणू एकमेकांशी कसा व्यवहार करतात, हे त्यावरून शास्त्रज्ञांना कळू शकले.

ध्रुवण कसे निर्माण होते?

साध्या प्रकाशातील कंपने प्रसारणाच्या दिशेला लंब असलेल्या सर्व दिशांनी होतात. ध्रुवित प्रकाशात ती एकाच प्रतलात होतात. रंजकाच्या प्रत्येक रेणूला प्रकाश शोषण्याचा स्वतःचा असा एक अक्ष असतो. ध्रुवित प्रकाश पडला असता ज्यांचा अक्ष कंपनांच्या दिशेशी जुळतो, तेच रेणू प्रामुख्याने उद्दीपित होतात. ते जागच्या जागी स्थिर राहिले, तर त्यांनी उत्सर्जित केलेला प्रकाशही अंशतः ध्रुवित असतो. समांतर आणि लंब दिशांतील तीव्रतांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की ध्रुवणाचे मूल्य मिळते. रेणू वाटेल त्या दिशांना विखुरलेल्या द्रावणात हे मूल्य नेहमीच्या मापनात ०.५ पेक्षा अधिक होऊ शकत नाही.

रंजकांच्या द्रावणांतील हे ध्रुवण फ्रिट्झ वायगर्ट यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. द्रव जितका दाट, तितके ध्रुवण अधिक, असे त्यांना आढळले. फ्लुओरेसिनचा रेणू उद्दीपित अवस्थेत सुमारे ४ नॅनोसेकंद राहतो. पाण्यात तेवढ्या अवधीत तो अनेकदा दिशा बदलतो आणि ध्रुवण जवळजवळ नाहीसे होते. ग्लिसरीन पाण्याहून सुमारे हजारपट दाट असल्याने त्यात रेणूला वळण्यास सवड मिळत नाही व ध्रुवण टिकून राहते. फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये या परिभ्रमणाचे गणित मांडले.

संहती वाढविल्यावर

मग ग्लिसरीनसारख्या दाट द्रवातही रंजक वाढविताच ध्रुवण का घटावे? रेणू तर वळत नाहीत. एन्रिके गाविओला आणि पेटर प्रिंग्सहाइम यांनी १९२४ मध्ये हाच परिणाम अभ्यासला होता. त्याचे कारण असे की, उद्दीपित रेणू प्रकाश बाहेर टाकण्यापूर्वीच आपली ऊर्जा शेजारच्या रेणूला देऊन टाकतो. शेजाऱ्याचा अक्ष निराळ्या दिशेला असतो. त्यामुळे अखेर बाहेर पडणाऱ्या प्रकाशात मूळ दिशेची खूण फारच थोडी उरते. या हस्तांतरात प्रकाशकण प्रत्यक्ष प्रवास करीत नाही.

थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४८ मध्ये या हस्तांतराचा सविस्तर सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यानुसार हस्तांतराचा वेग दोन रेणूंमधील अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे अंतर निम्मे झाले की वेग ६४ पट होतो. लिटरमागे मोलचा एक दशलक्षांश इतके रंजक असता शेजारच्या रेणूंमधील अंतर सरासरीने १२० नॅनोमीटरच्या आसपास असते व हस्तांतर नगण्य राहते. प्रमाण हजारपट केले, म्हणजे फ्लुओरेसिनच्या बाबतीत लिटरमागे सुमारे ०.३३ ग्रॅम, की हे अंतर १२ नॅनोमीटरवर येते आणि परिणाम जाणवू लागतो. त्यापुढे आणखी दहापट वाढ केल्यास ते ५ ते ६ नॅनोमीटर होते व ध्रुवण झपाट्याने ढासळते.

ऊर्जा एकाच जातीच्या रेणूंमध्ये फिरत असल्याने प्रकाशाचा रंग आणि उद्दीपित अवस्थेचा काळ सहसा बदलत नाही. हस्तांतर झाल्याची साक्ष केवळ ध्रुवण देते. संहती फारच वाढली, तर मात्र रेणूंच्या जोड्या तयार होऊन तेजही मंदावते.

उपयोग आणि दक्षता

१९५६ मध्ये अर्नॉल्ड आणि मीक यांनी वनस्पतींच्या हरितद्रव्याच्या अनुस्फुरणाचे ध्रुवण मोजले. ते अत्यल्प निघाले. पानात हरितद्रव्याचे रेणू दाटीने बसलेले असतात आणि सूर्याची ऊर्जा त्यांच्यात हातोहात पुढे सरकते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. पेशींमधील प्रथिने एकत्र येऊन समूह बनवितात काय, हेही आज याच तत्त्वाने तपासले जाते.

रुग्णाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण ठरविण्याच्या काही चाचण्याही ध्रुवणावर आधारलेल्या आहेत. रंजक जोडलेला लहान रेणू मोठ्या प्रतिपिंडाला चिकटला की त्याचे फिरणे मंदावते व ध्रुवण वाढते. अशा मापनात रंजक प्रमाणाबाहेर झाले, तर रेणूंच्या फिरण्यामुळे झालेली घट कोणती आणि दाटीमुळे झालेली कोणती, हे ओळखता येत नाही आणि निष्कर्ष चुकू शकतो. जाड थरात एका रेणूचा प्रकाश दुसऱ्याने पुन्हा शोषल्यानेही ध्रुवण घटते. म्हणून अशा मापनासाठी द्रावण विरल ठेवतात. संहत द्रावण अभ्यासायचेच असेल, तर त्याचा पातळ थर घेतात. द्रावण आणखी विरल करून मापन पुन्हा करणे आणि उत्तर तेच येते काय हे पाहणे, ही त्यावरील सोपी व खात्रीची कसोटी होय.